दवाखान्यात न आलेल्या माणसांचं आरोग्य

एखादी बाई दवाखान्यात आली नाही, म्हणजे तिला काही झालेलं नाही, असं आपण धरून चालतो. सरकारी कागदही तसंच धरतो. ओपीडीच्या रजिस्टरात नाव नाही, तर आजारही नाही. १९८० च्या दशकात खेड्यातल्या बायकांच्या आरोग्याचा विचार बराचसा याच पद्धतीने चालायचा. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असे दोन कप्पे असायचे, आणि या दोन्हींत न बसणारं बाईचं दुखणं कुठल्याच तक्त्यात दिसत नसे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गृहीतक तपासून पाहिलं. तक्रार घेऊन आलेल्या बायकाच फक्त मोजल्या नाहीत. तक्रार असो वा नसो, गावातल्या सगळ्याच बायका-मुलींना तपासणीसाठी बोलावलं. ६५० जणींची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा किंवा जननेंद्रियांचा एक तरी आजार निघाला. एकेकीला सरासरी साडेतीनच्या वर. अंगावरून पांढरं जाणं, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटातला संसर्ग, असं बरंच काही. आणि याआधी आयुष्यात कधी तरी अशी तपासणी झालेल्या किती होत्या? फक्त ८ टक्के.

हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपण आज ज्याला 'आरोग्यातली विषमता' म्हणतो ती नेमकी काय असते, हे समजून घ्यायला मला या दोन आकड्यांइतकं सोपं उदाहरण सापडलेलं नाही. ९२ आणि ८. आजार जिथे सगळ्यात जास्त आहे, तिथेच डॉक्टरचा हात सगळ्यात कमी पोचलेला आहे. आणि पोचलेला नसल्यामुळे तो आजार कुणाच्या मोजणीतही नाही.

आता थोडं व्याख्येचं. माणसामाणसांच्या आरोग्यात फरक असतोच. म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा जास्त दुखणी असतात, याला कुणी विषमता म्हणत नाही. पण पुण्यात जन्मलेलं मूल आणि भामरागडच्या एखाद्या पाड्यावर जन्मलेलं मूल यांच्या जगण्याच्या शक्यतेत फरक पडत असेल, आणि त्याचं कारण उपचार अस्तित्वात नाहीत हे नसून तिथवर पोचलेले नाहीत हे असेल, तर ती विषमता. म्हणजे टाळता येण्यासारखा फरक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी ४२ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत असल्याचं दिसलं. अनुसूचित जमातींमध्ये हाच आकडा ५० होता. हिवतापाचं चित्र याहून ठळक आहे. केंद्र सरकारने आदिवासी आरोग्यावर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. तिच्या २०१८ च्या अहवालानुसार देशाच्या लोकसंख्येत आदिवासी जेमतेम ८.६ टक्के, पण हिवतापाचे ३० टक्के रुग्ण आणि हिवतापाने होणारे निम्मे मृत्यू त्यांच्या वाट्याला येतात.

असे आकडे वाचले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'जनजागृती करायला हवी.' मग बॅनर लागतात, फेरी निघते, शाळेतली पोरं घोषणा देतात. मला हा शब्द हल्ली ऐकवत नाही. त्यात एक गृहीत दडलेलं असतं की लोक झोपलेले आहेत आणि त्यांना उठवलं की काम झालं. ज्या बाईला सहा महिने पांढरं जातंय ती झोपलेली नसते. तिला सगळं कळत असतं. तालुक्याच्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर आहे, एसटी दिवसातून दोनदा आहे आणि एका दिवसाची मजुरी बुडते आहे, ही तिची अडचण. बॅनरवर यातल्या कशालाच उत्तर नसतं.

गडचिरोलीतलं काम मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की तिथे संशोधन आणि लोकांपर्यंत जाणं ही दोन वेगळी खाती केली गेली नाहीत.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग दोघं नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. पुढे गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर १७ किलोमीटरवर 'शोधग्राम' उभं राहिलं. तिथला दवाखाना कसा असावा हे आदिवासींनाच विचारलं गेलं. मोठी इमारत नको, आमच्या घरांसारख्या झोपड्या हव्यात. रोग्याबरोबर घरच्यांना राहता आलं पाहिजे. आणि तिथे आमची देवी असली पाहिजे. दवाखान्याचं नाव 'मा दंतेश्वरी दवाखाना' पडलं ते असं. शहरी वाचकाला हे कौतुकाचं वाटेल, पण यात भावनेपेक्षा हिशोब जास्त आहे. ज्या दवाखान्यात माणूस पाऊलच टाकत नाही तिथल्या यंत्राचा उपयोग शून्य.

आता मुलांकडे येऊ, कारण या कामाचा गाभा तिथे आहे.

लहान मुलं न्यूमोनियाने दगावतात, हे डॉक्टरांना शतकभरापासून ठाऊक होतं. त्यावर स्वस्त औषधही होतं. अडचण निदानाची होती. न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे डॉक्टर हवा, स्टेथोस्कोप हवा, जमल्यास एक्स-रे. यातलं काहीच गावात नाही. पापुआ न्यू गिनीतल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली होती: खोकला असलेल्या मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो एवढं मोजलं, तरी बहुतेक न्यूमोनिया पकडता येतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठं असेल तर ५० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, असं तेव्हा धरलं गेलं.

साठपर्यंत मोजायचं! पण गावात बाळाजवळ सगळ्यात आधी पोचणारी बाई म्हणजे सुईण, आणि यातल्या बऱ्याच सुइणींना शाळेचं तोंड पाहायला मिळालेलं नव्हतं. दहा-बारापर्यंतची मोजणी बोटांवर व्हायची, पुढे गाडी अडायची. अशा वेळी 'निरक्षर बायकांना हे जमणार नाही' असा शेरा मारून फाईल बंद करता येते. डॉ. अभय बंग यांनी त्याऐवजी श्वास मोजायचं एक साधन बनवलं. एका पट्टीवर मण्यांच्या दोन ओळी: एक तान्ह्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाचं पोट उघडं करून ते खालीवर होताना पाहायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. प्रत्येक ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, की न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं.

मला या साधनातली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की यात सुइणीला काही शिकवून 'वर आणण्याचा' आविर्भाव नाही. तिला दहापर्यंत येतं ना, मग दहावरच सगळं बसवू. कमतरता तिची न मानता पद्धतीची मानली. आरोग्याच्या कार्यक्रमांत हे फार क्वचित घडतं.

मग ही पद्धत खरंच चालते का, हे पाहायला प्रयोग झाला. ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखून गोळ्या किंवा पातळ औषध द्यायला शिकवलं. शेजारच्या ४४ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. वर्षभराने दोन्हीकडची मोजदाद केली. प्रयोगाच्या गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८ होते, तुलनेच्या गावांत साडेसतरा. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी एक टक्काही दगावली नाहीत. तुलनेच्या गावांत शंभरातली तेरा-चौदा दगावली. १९९० मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं.

इथे 'तुलनेची गावं' ही भानगड समजून घ्यायला हवी, कारण संशोधन आणि नुसती समाजसेवा यांतला फरक तिथे आहे. समजा एका गावात औषधं वाटली आणि दोन वर्षांनी बालमृत्यू कमी झाले. श्रेय कुणाचं? कदाचित दोन्ही वर्षी पाऊस चांगला झाला, पिकं आली, मुलं पोटभर जेवली. कदाचित रस्ता झाला. कदाचित गोवराची साथ त्या वर्षी आलीच नाही. म्हणून शेजारचीच, त्याच पावसाची, त्याच रस्त्याची गावं घ्यायची, तिथे नवा उपक्रम न करता फक्त जन्म-मृत्यू मोजायचे, आणि दोन्हींतला फरक बघायचा. तो फरक उपक्रमाचा.

यावर एक टोचणारा प्रश्न निघतो, आणि तो निघालाच पाहिजे: एका बाजूच्या मुलांना औषध आणि दुसऱ्या बाजूच्यांना नुसती नोंद, हे बरोबर आहे का? याला सरळसोट उत्तर नाही. तुलनेच्या गावांतली चालू सेवा काढून घेतलेली नसते. प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी सगळं तसंच असतं. आणि नवी पद्धत उपयोगी आहे की अपायकारक, हे सुरुवातीला कुणालाच माहीत नसतं. पण एकदा ती उपयोगी ठरली की तुलनेच्या गावांचं देणं लागतं, आणि ते किती लवकर फेडलं जातं यावर त्या संशोधनाची नीती ठरते, असं माझं मत आहे. आदिवासी भागात येऊन रक्ताचे नमुने नेणारे, प्रबंध लिहिणारे आणि पुन्हा न फिरकणारे संशोधक थोडे नाहीत.

न्यूमोनियाचे मृत्यू घटले, तशी एक नवी गोष्ट उघडी पडली. उरलेल्या बालमृत्यूंतला मोठा हिस्सा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतला होता. म्हणजे नवजात बाळांचा. या बाळांना नेमकं काय होतं, याची माहिती त्या काळी फक्त मोठ्या इस्पितळांतून यायची. घरी जन्मून घरीच गेलेल्या बाळाबद्दल कुणालाच काही सांगता येत नव्हतं. वसा-अमिर्झाच्या बायकांसारखीच ही बाळंही मोजणीच्या बाहेर.

म्हणून १९९५-९६ मध्ये ३९ गावांत, प्रत्येक गावातली एक थोडीफार शिकलेली बाई निवडून तिला तयार केलं गेलं. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणतात. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचं, मग पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी घरी जायचं, बाळाला तपासायचं, लिहून ठेवायचं. वर्षभरात ७६३ बाळं अशी पाहिली गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडेल असं काहीतरी झालं होतं. डॉक्टरची मदत मिळाली ती शंभरातल्या तिघांनाही नाही. शंभरात चाळीसच्या वर बाळं जन्मतः अडीच किलोच्या खालची होती.

नवजात बाळाचा सगळ्यात मोठा शत्रू जंतुसंसर्ग. रक्तात जंतू पसरले की दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. इस्पितळात याचं निदान रक्ताच्या तपासणीने होतं. गावात काय करायचं? आरोग्यदूतांच्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळून सात खुणा निवडल्या गेल्या: आधी नीट रडणारं बाळ आता क्षीण रडतं किंवा रडतच नाही, आधी नीट पिणारं बाळ कमी ओढतं किंवा ओढत नाही, अंग ढिलं पडलं आहे, अंगाला हात लावला तर तापलेलं किंवा गारठलेलं, बेंबीत किंवा त्वचेवर पू, जुलाब किंवा सतत ओकारी किंवा पोट फुगलेलं, श्वास घेताना कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं. सातांपैकी कुठल्याही दोन एकाच वेळी दिसल्या, की जंतुसंसर्ग धरायचा आणि थांबायचं नाही.

या यादीतल्या पहिल्या काही खुणा पुन्हा वाचा. 'आधी नीट पीत होतं, आता ओढत नाही.' हे मोजायला कुठलंच यंत्र लागत नाही. आई किंवा आजी हे सहज सांगते. पण ते विचारणारं कुणी पाहिजे, आणि विचारणारीने काल बाळाला पाहिलेलं पाहिजे. दवाखान्यातल्या डॉक्टरला ते बाळ पहिल्यांदाच दिसत असतं. काल ते कसं पीत होतं हे त्याला कुठून कळणार? एरवी सगळ्यांत कमी शिकलेली मानली जाणारी बाई इथे डॉक्टरपेक्षा जास्त जाणते, कारण ती रोज तिथे असते.

ओळख पटल्यावर पहिला सल्ला दवाखान्यात नेण्याचाच. घरच्यांनी नकार दिला, आणि तो बहुतेक वेळा यायचाच, तर त्यांची लेखी संमती घेऊन आरोग्यदूत घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचं प्रतिजैविक सुरू करायची. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला तोंडावर मुखवटा लावून हवा द्यायचं तंत्र त्या शिकल्या. हलक्या बाळाला गुंडाळून उबेत ठेवायचं, अंघोळ लांबवायची, पहिलं चिकाचं दूध पाजायचं, हे तर होतंच.

फार तर दहावीपर्यंत शिकलेल्या बायका नवजात बाळाला सुई टोचणार, या कल्पनेनेच वैद्यकीय वर्तुळात भुवया उंचावल्या. आणि नुसत्या भुवया उंचावल्या म्हणून त्यांना मागासलेलं म्हणणंही बरोबर नाही. तान्ह्या बाळाला जेंटामायसिनची मात्रा चुकली तर कान आणि मूत्रपिंडाला धोका असतो. शंका रास्त होती. तिला उत्तर वादविवादाने मिळणार नव्हतं, मोजणीनेच मिळणार होतं.

मोजणी अशी निघाली. सुरुवातीला, १९९३ ते ९५ मध्ये, दोन्हीकडे दर हजारी साठच्या आसपास नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षाअखेर ४७ तुलनेच्या गावांत आकडा तिथेच रेंगाळला होता. ३९ प्रयोगाच्या गावांत तो २५.५ वर आला होता. तुलनेच्या गावांचा हिशोब धरून घट ६२ टक्के. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात साडेसोळा जायची, उपचार सुरू झाल्यावर तीनपेक्षा कमी. प्रत्येक बाळामागे खर्च साधारण सव्वापाच डॉलर, आणि दर १८ बाळांच्या देखभालीमागे एक मृत्यू टळला. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे सगळं छापून आलं.

गावातल्या बाईच्या हातात आरोग्य सोपवण्याची कल्पना गडचिरोलीतच पहिल्यांदा सुचली, असं मात्र नाही. नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तेच केलं होतं, तेही अशा बायकांना हाताशी धरून ज्यांना गावाने कोपऱ्यात ढकललं होतं. गडचिरोलीने त्यात भर घातली ती काटेकोर मोजमापाची. जामखेडला जाऊन माणूस भारावून येतो. गडचिरोलीचा तक्ता मंत्रालयातल्या अधिकाऱ्यापुढे ठेवता येतो. दोन्ही लागतं. पण धोरण बदलायला तक्ता जास्त कामी येतो, हे कबूल करायला हवं.

आकड्यांचा हा जोर २००१ मध्ये महाराष्ट्राने अनुभवला. राज्यभरातल्या १३ संस्थांनी आपापल्या भागात घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू नोंदवले आणि 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. राज्यात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास बालमृत्यू होत असावेत असा त्यांचा अंदाज होता, आणि सरकारी नोंदी त्याच्या जवळपासही जात नव्हत्या. मुद्दाम लपवाछपवी होतीच असं नाही. आठवड्याभराचं बाळ गेलं तर नोंद करायला कोण जातं? बारसंही झालेलं नसतं. गदारोळ झाला, विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत विषय गाजला, आणि सरकारने बालमृत्यूंचं मूल्यमापन करायला समिती नेमली.

गडचिरोलीत जे जमलं ते दुसरीकडे जमेल का? एका ध्येयवेड्या जोडप्याच्या नजरेखाली काहीही होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. म्हणून राज्यातल्या आणखी सात संस्थांनी आपापल्या गावांत तीच पद्धत राबवून पाहिली. तिथेही नवजात मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही पाच राज्यांत चाचणी घेतली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची एकत्र शिफारस केली, आणि २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ती देशभर सुरू केली.

तुमच्या घरात किंवा शेजारी नुकतं बाळंतपण झालं असेल, तर यातली एक भेट तुम्ही पाहिलीही असेल. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येतात. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आधी हात धुतात. थर्मामीटर बाळाच्या काखेत. झोळीच्या वजनकाट्यात बाळाला ठेवून काटा स्थिर होईपर्यंत थांबतात. मग बाळंतिणीला प्रश्न: "बाळ कालच्यासारखंच ओढतंय ना गं? रडतंय नीट? दिवसात शी-शू किती वेळा?" आणि दारात बसलेल्या आजीला, "आजी, टोपी काढू नका बाळाची, उकडत नाही त्याला." हे साधे प्रश्न म्हणजे त्या सात खुणाच. ७६३ बाळांच्या वह्यांतून गाळून निघालेल्या.

पण देशभर नेताना वाटेत काही गळून पडलं, हेही सांगितलं पाहिजे. इंजेक्शनचा भाग आशांकडे दिला गेला नाही. २०१४ मध्ये सरकारने ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची परवानगी दिली ती एएनएम म्हणजे परिचारिकाताईंना. त्याला कारणं आहेत: आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, १०८ ची गाडी येते, जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात शिशू कक्ष झाले. ज्या भागात हे सगळं पोचलं आहे तिथे तो निर्णय योग्यच. प्रश्न उरतो पावसाळ्यात नदीपलीकडे अडकलेल्या पाड्याचा. तिथे परिस्थिती अजून १९९५ च्याच जवळपास आहे, पण नियम पुण्याजवळच्या गावाचाच लागू आहे.

दुसरं, मोबदला. घरभेटींची पूर्ण मालिका पार पाडल्यावर आशाताईला एका बाळामागे अडीचशे रुपये ठरले. सर्चच्या प्रयोगात प्रत्येक गावाला एक बाई, तिच्यामागे नियमित येणारा पर्यवेक्षक, आणि चूक झाली तर तिथल्या तिथे सुधारणारा डॉक्टर होता. आशाताईकडे त्याच वेळी लसीकरण, क्षयरोग, हिवताप, असंसर्गजन्य आजारांची यादी आणि मोबाईलवर भरायची माहिती असते. काट्याच्या झोळीत बाळ न ठेवताच 'अडीच किलो' लिहिलं जातं तेव्हा दोष तिच्या माथी मारणं सोपं आहे. पण संशोधनात जी पद्धत सिद्ध झाली ती देखरेखीसकट सिद्ध झाली होती. देखरेख वगळून राबवायची आणि मग 'उपयोग होत नाही' म्हणायचं, हे कुणी औषधाच्या बाबतीत केलं असतं तर आपण हसलो असतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत याच भागात विषमतेचा चेहराही बदलला आहे. सर्चच्या संशोधकांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांत झालेल्या मृत्यूंची कारणं घरोघर जाऊन शोधली. मृत्यू घरी झाला असेल तर शवविच्छेदन नसतं. मग घरच्यांशी बसून शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते ठरावीक प्रश्नांतून विचारायचं आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवायचं, अशी ही पद्धत. सगळ्यात वरचं कारण निघालं पक्षाघात: शंभर मृत्यूंमागे चौदा. हिवताप नाही, क्षय नाही, जो आजार आपण शहरी, बसून काम करणाऱ्या माणसाचा समजतो तो. आणि यातली बहुतेक माणसं घरीच गेली. अशा गावांत अनेकदा रक्तदाब मोजलेलाच नसतो, किंवा मोजून गोळी सुरू होते आणि संपल्यावर पुन्हा आणली जात नाही. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि त्यानंतर गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत रक्तदाब शोधून तो आटोक्यात ठेवता येतो का, यावर पुढचं काम तिथे उभं राहिलं. बाळाचं वजन करणाऱ्या बाईच्या हातात आता रक्तदाबाचं यंत्र.

महाराष्ट्राची सरासरी आज चांगली दिसते. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत राज्याचा अर्भकमृत्यू दर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, हजारी १६ होता, देशाचा २८. मंत्र्यांच्या भाषणात हा आकडा येतो आणि तो खराही आहे. त्या पाहणीचे तक्ते राज्यवार निघतात, त्यात ग्रामीण आणि शहरी असे रकाने असतात. एटापल्ली, धडगाव किंवा धारणी अशा आदिवासी तालुक्याचा रकाना त्यात नसतो. आदिवासी आरोग्याचे आकडे वेगळे आणि नियमित गोळा करा, असं डॉ. अभय बंग यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात सांगितलं होतं. ते होत नाही तोवर धारणीत किती बाळं गेली हे विचारायचं असेल, तर राज्याची सरासरी उपयोगाची नाही. तिथे घरोघर जाऊन वही भरणाऱ्या माणसालाच गाठावं लागतं.